टिमुरच्या मुलखातून

सल्यान, ३ नोव्हेंबर

ती. आईस,


नेपाळमधलं तुळशीपूर सोडलं की राप्ती राजमार्ग डोंगर चढायला लागतो. सल्यानमध्ये शिरल्यापासून अंगणात, छपरांवर, बांबूच्या सुपांत एकच माल वाळताना दिसतोय, तो म्हणजे टिमुर. आपल्या तिरफळाचा हा हिमालयातला भाऊबंद. दसैं, म्हणजे इथला दसरा, आटोपला की इथे त्याची तोडणी जोरात असते.

आपलं तिरफळाचं झाड उंच वाढतं, घोस काढायला आकडी लागते. टिमुर मात्र झुडूपच, शेताच्या बांधावर हाताला येईल असं. तरी तोडणी सोपी नाही. फांदीवर तर काटे आहेतच, पानांवरसुद्धा आहेत. बायका एका हाताने फांदी वाकवून धरतात आणि दुसऱ्या हाताच्या नखांनी घोस खुडतात. दिवसभर हे काम केलेले हात मी जवळून पाहिले. मनगटापर्यंत ओरखडे होते. कोणी घाईत फांदीच छाटली तर पुढच्या हंगामाचं नुकसान होतं, म्हणून जाणत्या बायका शेजारच्या पोरांना दटावत असतात.

पुढचं काम उन्हाचं. फळ वाळलं की तडकतं आणि आतलं काळं, चकचकीत बी बाहेर पडतं. ते दाताखाली वाळूसारखं कचकचतं, म्हणून चाळून टाकतात. तूही तिरफळाचं बी काढतेस ना, तसंच. खरा माल म्हणजे ही लालसर टरफलं. वाळवताना पाऊस लागला तर ती काळी पडतात आणि भाव उतरतो. चांगला वाळलेला माल नेपाळगंजच्या बाजूने भारतातही उतरतो. आपल्याकडच्या वैद्यांचं तुंबरू ते हेच.

पोखरा, ९ नोव्हेंबर

ती. आईस,

आज थकाली समाजाच्या एका घरातल्या चुलीपाशी बसले होते. निखाऱ्यावर भाजलेले टोमॅटो, लसूण, सुकी मिरची, मीठ आणि चिमूटभर टिमुर, सगळं पाट्यावर वाटलं. त्यांच्या पाट्याला सिलौटो म्हणतात. आपण तिरफळ घातलं की लसणाला हात लावत नाही, म्हणून मला जरा शंका होती. चव घेतल्यावर ती उरली नाही. आधी पपनसाची साल सोलावी तसा वास नाकात भरला. मग जिभेच्या टोकाला मुंग्या, ओठांना झिणझिण्या, तोंडात पाणी. तिखटाची आग वेगळी आणि हे वेगळं. बाबांना सांग, २०१३ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी याच कुळातल्या चिनी मिरीवर प्रयोग केला होता. ती ओठांना लावली की सेकंदाला सुमारे ५० कंपनं व्हावीत तसा भास होतो, असं त्यांना आढळलं. लिंबाचा वास येतो त्यातही नवल नाही. लिंबू, बेल, कढीपत्ता, तिरफळ आणि टिमुर हे सगळे एकाच कुळातले.

मला सर्वांत आवडला तो छोप. टिमुर हलकं भाजून सुकी मिरची आणि मिठाबरोबर कुटायचं, आणि उकडलेले बटाटे, काकडी नाहीतर पेरू त्यात बुडवून खायचे. बस्स. माझं मत विचारशील तर टिमुरचा खरा गुण इथेच कळतो. फार वेळ शिजवलं की त्याचा वास वाफेबरोबर निघून जातो. म्हणूनच तर तूही तिरफळं नुसती ठेचून आमटीत शेवटी टाकतेस. फरक एवढाच की आपण ती पानाच्या कडेला काढून ठेवतो आणि ही माणसं टिमुर वाटून खातात.

अर्धा किलो घेतलंय. आल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवू, पण अख्खंच. कुटून ठेवलं तर वास टिकत नाही. लागेल तेवढंच त्या त्या वेळी कूट. आणि बांगड्याला मात्र हे घालू नकोस. त्याच्या ओल्या खोबऱ्याच्या वाटपाला आपलं तिरफळच हवं.

तुझी,
धाकटी