न सांगता गेली

आमच्या सातपुड्यात पीएच.डी. सोडून माणसं आली. मेधाताई पाटकर टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधलं संशोधन अर्धवट टाकून नर्मदाकाठच्या गावांत राहिल्या, तेव्हा नंदुरबार जिल्हा व्हायचाच होता. अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके धुळ्यात होते. मी निघाले उलट्या दिशेने. एम.एस.डब्ल्यू. करून याच भागातल्या धडगावला आले, बावीस वर्षं पाड्यापाड्यांवर काढली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी ‘पेट’ला, म्हणजे पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षेला बसले. परीक्षेच्या हॉलबाहेर भाचीच्या वयाच्या एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, मोबाईल तुमच्याकडे जमा करायचा का?"

या वयात कशाला, असं घरच्यांसकट सगळ्यांनी विचारून झालं. बढतीसाठी नव्हे; आमच्या संस्थेत बढती द्यायला वरची खुर्चीच नाही. मला एक गोष्ट खुपत होती. कुपोषित मुलांच्या पुनर्वसन केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला एनआरसी म्हणतात तिथे, आईने मुलाला घेऊन चौदा दिवस राहायचं असतं. मुलाला आहार, औषध, आईला बुडीत मजुरी. तरी पाचव्या-सहाव्या दिवशी खाट रिकामी दिसते. असं का होतं, यावर मी प्रशिक्षणांत पाऊण पाऊण तास बोलायचे. पण कुणी "लिहून द्या" म्हटलं की माझ्याकडून किस्सेच निघायचे.

माझी एक जुनी सहकारी अमेरिकेत आहे. तिच्याकडून कळलं की तिकडे समाजकार्यात ‘डी.एस.डब्ल्यू.’ नावाची वेगळी डॉक्टरेट असते. अनुभवी कार्यकर्त्याने नोकरी न सोडता, रोजच्या कामातला अडलेला प्रश्नच अभ्यासाला घ्यायचा. ही पदवी मधल्या काळात मागे पडली होती; पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २००७मध्ये ती पुन्हा सुरू केली. ब्रिटनमध्येही असे अभ्यासक्रम आहेत. मला हेच हवं होतं. आपल्याकडे हाताशी होती ती अर्धवेळ पीएच.डी. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत तिची सोय आहे, फक्त संस्थेचं नाहरकत प्रमाणपत्र लागतं. आमच्या ऑफिसात आम्ही चौघं. माझं प्रमाणपत्र मीच टाईप केलं आणि सचिवांपुढे धरलं. मुदत सहा वर्षं. पुनर्नोंदणी आणि बायकांसाठीची सवलत धरून दहापर्यंत ताणता येते. म्हणजे निवृत्तीच्या समारंभात नारळाऐवजी प्रबंधच हातात.

कोर्सवर्कचं फार सांगत नाही. वाटेतल्या चांदसैली घाटात दरड पडली की माझी गैरहजेरी ठरलेली. सांख्यिकी मला तेव्हाही कळली नाही, आताही जेमतेम. पण एक वाक्य लागलं. आराखडा मांडताना कुणीतरी म्हणालं, "मॅडम, हा तुमचा अनुभव झाला. डेटा कुठे आहे?" मी त्या दिवशी चिडून जेवलेच नाही. मार्गदर्शक सरांनी मात्र शांतपणे विचारलं, "डायऱ्या ठेवता ना?"

ठेवल्या होत्या. एकतीस. काहींना वाळवी लागलेली, एकीत मोहाची फुलं चपटी झालेली. "या कुणा दुसऱ्या बाईच्या समजून वाचा," सर म्हणाले. त्या पावसाळ्यात रंगीत पेन्सिली घेऊन बसले: रोजगाराला पिवळा, आजारपणाला लाल, केंद्रातून निघून जाण्याला हिरवा. हिरव्याखाली सगळीकडे एकच वाक्य सापडायला लागलं. ‘आई न सांगता गेली.’ पुढच्या डायरीत तेच, त्याच्या पुढच्या डायरीतही. हिरवी पेन्सिल बोटभर उरली. अक्षर माझंच होतं.

मग त्यातल्या सापडतील तेवढ्या बायांना भेटायचं ठरवलं. दिवाळीनंतर अर्धे पाडे ऊसतोडीला गुजरातेत असतात, होळीला परततात. म्हणून होळीच्या आसपासचे दिवस धरले. पहिल्याच घरी अडले. संमतीपत्रावर सही किंवा अंगठा हवा होता. बाईने कागद उलटा-सुलटा करून सासूकडे दिला, सासूने तो माझ्या मांडीवर ठेवला. नदीकाठची वस्ती, नर्मदेवरच्या धरणाच्या काळात कागदावर उठलेल्या अंगठ्यांचं पुढे काय झालं, हे तिथे पोराटोरांना माहीत आहे. वर्षानुवर्षं त्या घरची भाकर खाल्लेली मी, कागदासकट उठून आले. विद्यापीठाकडून तोंडी संमती रेकॉर्ड करायची परवानगी यायला पाच महिने गेले, म्हणजे एक होळी वाया गेली.

पुढच्या होळीला त्याच घरी ती बोलली. तिचं मूल माझ्या एका जुन्या डायरीत होतं. आता तो मिसरूड फुटलेला पोरगा दारात शेळी बांधत होता. मी त्यांच्या पावरी बोलीत विचारलं, तेव्हा न सांगता का गेलीस?

"सांगितलं होतं की."

कुणाला?

"झाडूवालीला."

नवरा तोडीवर, घरी दोन पोरं म्हाताऱ्या सासूपाशी, सासूला ताप आल्याचा निरोप. सगळं तिने सांगितलं होतं, रीतसर, जाण्याच्या आदल्या संध्याकाळी. त्या इमारतीत पावरी कळणारी एकच बाई होती, ती फरशी पुसत होती. नर्सला पावरी येत नव्हती. मलाही तेव्हा धड येत नव्हती, हे मी सोयीने विसरले होते. पुढच्या मुलाखतींत कुणी वॉचमनला सांगून गेली होती, कुणी शेजारच्या खाटेवरच्या बाईला. न सांगता गेलेल्या थोड्या निघाल्या. त्या रात्री मी डायरी उघडली आणि त्या वाक्यावर काट मारायला गेले. मग थांबले. तो आता डेटा होता.

प्रबंधाचं तिसरं प्रकरण यावरच आहे. ते लिहिताना नाव बदलायचा प्रश्न आला. नियमाप्रमाणे खरी नावं द्यायची नाहीत. मी ‘माता क्र. ४’ वगैरे लिहून मोकळी होणार होते, पण आकड्याने हाक मारलेली त्यांनाही आवडेना, मलाही. म्हणून ज्यांची त्यांना नावं निवडायला सांगितली. फार मजा आली. एकीने मुंबईच्या नटीचं नाव घेतलं. एकीने शाळेत तिला मारणाऱ्या बाईंचं नाव मुद्दाम निवडलं. झाडूवालीला सांगून गेलेल्या बाईने बराच विचार केला, चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि म्हणाली, "तुझंच लाव."

मी लावलं. मागच्या महिन्यात सरांकडून मसुदा परत आला. तिसऱ्या प्रकरणात त्या नावाखाली लाल रेघ आहे आणि समासात प्रश्न: संशोधिकेचं नाव इथे कसं?