अनंताच्या झाडावरचे खवले



आज स्वयंपाकघरातलं काही नाही, परसातलं सांगायचं आहे. थोडं बागकामाचं आणि थोडं माझ्या हातून घडलेल्या चुकीचं.

आमच्या परसात अनंताचं झाड आहे. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्तींनी, लग्न होऊन या घरात आल्यावर लावलेलं. फुलं आली की पहिली परडी मंदिरात जाते, मग घरातल्या वेण्यांचं बघायचं. गेल्या वर्षी वैशाखात या झाडाची पानं काळी पडायला लागली. चुलीजवळच्या भिंतीवर काजळी धरावी तशी. खाली फरशी चिकट झाली होती, अनवाणी गेलं की पाय चिकटायचा. खोडावरून मुंग्यांची रांग वर चालली होती. मला वाटलं, झाडाला बुरशी लागली.

बुरशी होतीच, पण ती नंतरची. पानं उलटून बघितली तर मधल्या शिरेच्या कडेनं आणि कोवळ्या काड्यांवर तपकिरी, फुगीर टिकल्या बसल्या होत्या. नखानं खरवडली तर निघेल अशी एखादी खपली वाटावी. हीच खवले कीड. ती झाडात सोंड खुपसून रस पिते आणि जास्तीचा गोड रस बाहेर टाकते. तो चिकटा खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि तो खायला मुंग्या येतात. म्हणून एक लक्षात ठेवा, काळं दिसणारं पान हे किडीचं पान नसतं. कीड त्याच्या वरच्या पानाच्या पाठीमागे असते.

मी शेतीच्या दुकानातून औषधाची बाटली आणली. आत्ती तेव्हा नणंदेकडे गेल्या होत्या. मी मनाची समजूत घातली की या टिकल्या हलत नाहीत, चालत नाहीत, त्यांना जीव तरी कितीसा असणार? आणि घर-संसार म्हटला की आरंभी हिंसा होतेच. संध्याकाळी फवारलं. सकाळी झाडाखाली झाडायला गेले तर लाल ढालकिडे पालथे पडले होते, आणि एक मधमाशी. मी ते पानात गोळा करून झाडाच्या बुंध्याशी मातीत ठेवले. कुणाला काही बोलले नाही.

यंदा फाल्गुनातच झाड पुन्हा भरलं, गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट. मग मी या किडीबद्दल वाचायला बसले. मादी एकदा जागेवर बसली की बहुतेक जातींत ती तिथंच राहते, तिथंच अंडी घालते आणि मरते. मेल्यावरही तिचं कवच अंड्यांवर छपरासारखं राहतं. त्यातून निघालेली पिल्लं डोळ्यांना जेमतेम दिसतात. ती चालतात, नवी काडी शोधतात आणि सोंड खुपसून बसतात. म्हणजे जिला मी निर्जीव टिकली समजले, ती लहानपणी पायांनी चालत आली होती. दिसायला स्थावर, पण जीव त्रस. औषध त्या कवचाखाली नीट पोचलं नाही. त्या किडीला खाणारे ढालकिडे आणि तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या मात्र उघड्यावर होत्या, त्या मेल्या. राखणदार गेले आणि कीड वाढली.

त्या दिवशी आत्तींना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. तांदूळ निवडत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, “झाड किती इंद्रियांचं?”

“एक.”

“आणि तो किडा?”

मी गप्प बसले.

“एका इंद्रियाच्या जीवासाठी जास्त इंद्रियांचा जीव मारलास. बरं, ती आरंभी हिंसा म्हणतेस. चूल पेटवताना, केर काढताना नकळत जीव जातो ती आरंभी. तू बाटली आणायला निघालीस तेव्हा मनात काय होतं?”

मनात मारायचंच होतं. म्हणजे ती संकल्पी. मैत्रिणींनो, श्रावकाला जी सोडायला सांगितली आहे, नेमकी तीच. त्यात मी फुलं मंदिरात न्यायची म्हणून ते केलं होतं, ही बोच अजून जात नाही.

मग झाड तसंच मरू द्यायचं का? शेजारच्यांच्या जास्वंदीवरही टिकल्या दिसायला लागल्या होत्या. आत्ती म्हणाल्या, “धान्याला आपण किडे झाल्यावर ऊन देतो की आधी?” तिथून आम्ही सुरुवात केली. किडीला आमंत्रण कशानं मिळतंय ते शोधलं.

पहिलं, फुलं जास्त यावीत म्हणून मी युरिया घालत होते. त्यानं कोवळी, रसाळ फूट येते आणि रस पिणाऱ्या किडीला तीच हवी असते. युरिया बंद केला, मुरलेलं शेणखत तेवढं दिलं. दुसरं, झाड आतून इतकं दाट झालं होतं की ऊन-वारा शिरत नव्हता. फाल्गुनातच, पिल्लं चालायला लागण्याआधी, आतल्या फांद्या विरळ केल्या. तिसरं, दोन फांद्या भिंतीला टेकल्या होत्या. भिंतीतल्या मुंग्यांचा तो पूल होता. मुंग्या चिकट्यासाठी किडीची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकावतात. त्या फांद्या छाटल्यावर रांग बरीच कमी झाली. खोडाला चिकट पट्टी बांधतात, पण तिला मुंग्या चिकटून मरतात, म्हणून ती बांधली नाही. चौथं, रस्त्याची धूळ. धुळीनं माखलेल्या पानांवर ढालकिड्यांचं आणि गांधीलमाश्यांचं काम नीट होत नाही. पानांची वरची बाजू ओल्या फडक्यानं पुसली. काजळीही निघाली आणि पानाला ऊन मिळायला लागलं.

सगळ्यांत जास्त भरलेल्या चार फांद्या होत्या, त्या कापाव्या लागल्या. मी त्या जाळल्या नाहीत, परसाच्या टोकाला सावलीत ठेवल्या. आत्तींना म्हणाले, “जिवाणी सोडल्यासारखंच झालं ना?” त्या म्हणाल्या, “नाही गं. जिवाणी विहिरीत सोडतो तेव्हा जीव आपल्या घरी जातो. फांदी वाळली की यांचं अन्न संपणार. ते तुला ठाऊक आहे.” ठाऊक होतं. त्या रात्री आलोचनेला बसले तेव्हा त्या चार फांद्या नाव घेऊन सांगितल्या. निदान खोटं समाधान घेतलं नाही.

साबणाचं पाणी, निंबोळी तेल हे उपाय पुष्कळ जणी सांगतील. विषारी औषधापेक्षा ते खूप सौम्य आहेत, पण तेही किडीचा श्वास कोंडूनच काम करतात. करायचं की नाही हे ज्याच्या-त्याच्या व्रतावर. मी यंदा केलं नाही.

वाचताना आणखी एक कळलं. लाख देणारा किडा याच कुळातला, आणि खाऊच्या पाकिटावर ई १२० असा आकडा असतो तो लाल रंगही याच कुळातल्या किड्यांचा. गोळ्या-चॉकलेटवरची चकाकी, ई ९०४, ही लाखेची. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या व्यापारांत लाखेचा आहे आणि विषाचाही आहे. लहानपणी तोंडपाठ केलेली ती यादी माझ्या परसापर्यंत पोचेल असं वाटलं नव्हतं.

श्रावणात एक दिवस पान उलटलं तर टिकल्यांवर सुईनं टोचल्यासारखी गोल भोकं दिसली. आतून गांधीलमाशी बाहेर पडल्याची ती खूण. मी आनंदानं ओरडले, “आत्ती, कीड मेली!” त्यांनी नुसतं बघितलं. कृत, कारित आणि अनुमोदना. हातानं केलं नव्हतं, कुणाला सांगून करवलं नव्हतं, पण तिसरं तोंडातून निघून गेलं होतं. झाड वाचल्याचा आनंद आणि कीड मेल्याचा आनंद वेगळे ठेवणं मला अजून जमत नाही. प्रयत्न चालू आहे.

झाड पूर्ण स्वच्छ झालेलं नाही. खालच्या फांदीवर टिकल्या आहेत, पण नवी पालवी हिरवी आणि कोरडी आहे, फरशी चिकटत नाही. यंदा अनंत चतुर्दशीला परडी भरली नाही. नऊ फुलं निघाली. आत्तींनी तीच ओंजळीतून नेली.

तुम्हाला एवढंच सांगेन. रोपवाटिकेतून रोप आणताना पानं उलटून बघा, काड्यांवरून नजर फिरवा. टिकली दिसली तर ते रोप तिथंच राहू द्या. घरात आहेत त्या झाडांची पानं महिन्यातून एकदा उलटून बघा. दोन-चार दिसतात तेव्हाच जाग आली, तर पुढं शंभरांचा प्रश्न पडत नाही. धान्य निवडतो, पाणी गाळतो, तसाच हाही यत्नाचार.

कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.