कापड उलटं करून बघा!

चिकलठाणा म्हटलं की बाहेरच्यांना दोनच गोष्टी आठवतात. एक एअरपोर्ट आणि दुसरी एमआयडीसी. विमानातून उतरायचं, वेरूळ-अजिंठ्याची टॅक्सी पकडायची आणि सुटायचं. नाहीतर आमच्यासारखं जालना रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालत शिफ्ट गाठायची. २०१० मध्ये प्रोझोन मॉल आला, तेव्हापासून वीकेंडचा टाइमपासही इथेच. थोडक्यात काय, चिकलठाण्यात हेरिटेज शोधायला कुणी येत नाही.

पण हेरिटेज कधीकधी शेजारच्या टेबलावर डबा खात बसलेलं असतं!

माझा एक मित्र आमच्याच कंपनीत क्वालिटीला आहे. दिवाळीच्या आधी ऑफिसात शालींचा स्टॉल लागला होता. बोर्डवर ठळक अक्षरात ‘अस्सल हातमागाची हिमरू’. आम्ही सगळे रंग बघत होतो. यानं शाल उचलली, उलटी केली, बोट फिरवलं आणि हळूच म्हणाला, ‘‘आवडली तर घे, पण हातमागाचे पैसे देऊ नको. पॉवरलूम आहे.’’

तुला कसं कळलं? तर म्हणे, ‘‘आमच्या घरात माग आहे ना!’’

तीन वर्षं एकत्र चहा पितोय आम्ही. हे पहिल्यांदाच कळत होतं.

दिल्लीहून आलेली मंडळी

आता थोडा इतिहास, बोअर न करता. १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. काही वर्षांतच बादशहाचा मूड बदलला, दरबार परत दिल्लीला गेला. पण सगळेच काही परत गेले नाहीत. त्या लवाजम्याबरोबर आलेले विणकर इथेच राहिले आणि त्यांच्यापासून इथली हिमरू सुरू झाली, असं विणकरांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. म्हणजे ट्रान्सफर रद्द झाली तरी इथेच फ्लॅट घेणाऱ्यांची परंपरा जुनी आहे!

पुढे मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली. तिचं औरंगाबाद झालं आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावं बदलत गेली, माग चालत राहिले.

हिमरूचा फंडा तसा सोपा आहे. किनखाब म्हणजे रेशीम आणि जर, राजेरजवाड्यांचं काम. हिमरूत उभा धागा सुती आणि आडव्या नक्षीला रेशीम. दिसायला किनखाबासारखं, खिशाला हलकं. नावाचा अर्थही फारसीत ‘सारखं दिसणारं’ असाच सांगतात. तिची बहीण मशरू. वरून रेशीम, अंगाला सूत. शुद्ध रेशीम पुरुषांना वर्ज्य मानणाऱ्या मुसलमानांसाठी ही धार्मिक पळवाट. मशरू म्हणजे ‘परवानगी असलेलं’. निजामाच्या काळात हिमरूच्या शेरवान्यांना मोठा मान होता. १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, दरबार गेला आणि गिऱ्हाईकही गेलं.

मागाच्या खोलीत

एका रविवारी मित्राच्या घरी गेलो. जुन्या शहरात, जफर गेटकडे. आतल्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायची जागा आणि वर दोऱ्यांचं जंजाळ. त्याला ‘जाला’ म्हणतात. अख्खी नक्षी त्या दोऱ्यांत बांधून ठेवलेली. एकानं वर दोऱ्यांचा जुडगा ओढायचा, तेवढेच उभे धागे उचलले जातात, मग खाली बसलेल्यानं रंगीत रेशीम सरकवायचं. परत पुढचा जुडगा.

ओळखीचं वाटतंय? १८०४ मध्ये फ्रान्सच्या जॅकार्डनं दोऱ्या ओढणाऱ्या माणसाच्या जागी भोकं पाडलेली कार्डं आणली. पुढे बॅबेजनं तीच कल्पना आपल्या गणनयंत्रासाठी घेतली. म्हणजे आपण दिवसभर ज्याच्यासमोर बसतो, त्याचं मागाशी जुनं नातं आहे.

‘‘चाचा, दिवसाला किती होतं?’’ मी विचारलं.

‘‘नक्षी पे है बेटा. कभी हातभर, कभी वीतभर.’’

‘‘तुम्हाला कुणी शिकवलं?’’

‘‘किसी ने नहीं. अब्बा के बाजू में बैठता था. दोरी खींचता था, बस.’’

इथेच सगळी गोम आहे. दोरी ओढणारं घरातलं पोरगंच असायचं आणि ओढता ओढता शिकायचं. पोरं शाळेत गेली, डिप्लोमा झाली, चिकलठाण्यात पंचिंग करू लागली. चांगलंच झालं की! पण शिकायची जागा रिकामी राहिली.

आता त्या घरात एक वाद चालू आहे. खोलीत माग ठेवायचा की भाडेकरू? चाचीचं म्हणणं सरळ आहे. भाडं दर महिन्याला येतं, शालीचं गिऱ्हाईक येईल तेव्हा येतं. चाचांचे डोळे आता साथ देत नाहीत. मित्राला पुण्याची ऑफर आहे. यात चूक कोण? मला तरी कुणी दिसत नाही.

मित्रानं मात्र एक उद्योग सुरू केलाय. दर रविवारी तो नक्षी एक्सेलमध्ये उतरवतो. एक चौकोन म्हणजे एक धागा. कैरी झाली, अनार चालू आहे. मग लॅपटॉप बंद करून तासभर मागावर बसतो. धागा तुटतो. चाचा काही बोलत नाहीत, नुसती गाठ मारून देतात. फाइल सेव्ह करता येते, ती गाठ अजून कुठे सेव्ह होत नाही.

माझे बाबा भोकरदनकडून चिकलठाण्यात फिटर म्हणून आले. कानस फिरवून बोटानं सांगायचे, अजून किती घासायचं ते. मी एचआरमध्ये आहे. त्या रविवारी घरी येऊन त्यांची हत्यारांची पेटी काढली आणि म्हटलं, ‘‘बाबा, कानस कशी धरायची दाखवा.’’ ते आधी हसले. मग चष्मा शोधायला गेले.

जाणार असाल तर...

एअरपोर्टवरून थेट वेरूळला पळू नका, अर्धा दिवस जुन्या शहराला द्या. दुकानात शाल उलटी करा. नक्षीचा धागा मागच्या बाजूनं कसा जातो ते बघा. हातमागावर एक फूल दुसऱ्यासारखं अगदी तंतोतंत नसतं. नुसतं तेवढ्यावर भरवसा नको, ‘माग बघायचाय’ असं सरळ म्हणा. खरा विणकर खूश होऊन दाखवतो. आणि भाव करताना ‘वीतभर’ हा शब्द लक्षात ठेवा.