तळोद्याच्या नव्या कॉलन्यांना

हातोडा रस्त्याला, महामार्गाच्या कडेला, कालपर्यंत केळी आणि ऊस होता त्या शेतांत उभ्या राहिलेल्या कॉलन्यांनो,

तुमच्याकडे प्लॉट घ्यावा का, असं मला पुष्कळ जण विचारतात. कुणी धडगावकडच्या शाळेवर शिक्षक, कुणी अक्कलकुव्याकडची आरोग्यसेविका, कुणी पोरांच्या कॉलेजसाठी डोंगरातून खाली आलेलं कुटुंब. बिनशेती झालंय का, सात-बारा कुणाच्या नावावर आहे, बोअरला पाणी किती फुटांवर लागतं, हे सगळं ते नीट विचारून आलेले असतात. मी त्यांना उलट विचारतो : पहाटेची एस.टी. धरायला घरातली मुलगी एकटी चालत जाईल का? यावर बहुतेक जण गप्प होतात. म्हणून आज तुम्हालाच लिहितो आहे.

तळोद्याला रेल्वे नाही. गाडी धरायची तर तापी ओलांडून नंदुरबारला जायचं. सुरत–जळगाव मार्ग २०१८मध्ये दुहेरी झाल्यापासून त्या स्टेशनाचं महत्त्व आणखी वाढलं. १ जुलै १९९८ला जिल्हा वेगळा झाला आणि कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, जिल्हा रुग्णालय, सगळं नंदुरबारला आलं. धुळ्याचा हेलपाटा संपला, पण तापी आडवी होतीच. प्रकाशा गावावरून वळसा घालून जावं लागे. हातोड्याचा पूल झाला आणि नोकरी नंदुरबारला, बिऱ्हाड तळोद्यात, हे जमू लागलं. तुमची वाढ त्या पुलामुळे झाली. पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाचा विचार मात्र तुमच्या नकाशात दिसत नाही.

जुनं गाव बघा. बारगळांची गढी इथलीच. मल्हारराव होळकर लहानपणी मामाकडे, भोजराजराव बारगळांकडे, याच तळोद्यात वाढले. त्या गढीभोवती, माळीवाड्यात, बाजारपेठेच्या गल्ल्यांत घरं दाटीनं बसली आहेत. गटारी तुंबतात, ट्रॅक्टर वळत नाही, लग्नाचा मांडव पडला की रस्ता बंद. तिथून माणसं बाहेर का पडतात ते मला कळतं. तरीही त्या गल्लीतली म्हातारी पिशवी घेऊन निघाली तर कुणाच्याही मोटारसायकलवर न बसता बसस्थानकावर पोचते. वाटेत दहा ओळखीचे ओटे लागतात. रात्री शेवटच्या गाडीनं उतरलेल्या मुलीलाही त्याच ओट्यांची सोबत असते.

तुमच्याकडे रस्ते रुंद, प्लॉट चौकोनी, नियमाची मोकळी जागाही सोडलेली. पण सगळी आखणी घरटी एक मोटारसायकल धरून केलेली. ती घरातला कर्ता सकाळी घेऊन जातो. मागे राहतात त्यांचं काय? सरकारनं त्यांच्यासाठी गाडीत सोय केली आहे. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावानं शाळेचा मोफत पास आहे. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२पासून तिकीट नाही आणि १७ मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. मल्हाररावांच्या सुनेच्या नावाचा पास हाती असलेली मुलगी मल्हारराव वाढले त्या गावात गाडीपर्यंत पोचू शकत नसेल, तर मला त्याचं फार वाईट वाटतं. तुमच्या फाटकापासून स्थानकापर्यंतच्या रस्त्याला कडेनं चालायला जागा नाही. गाळप हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्या अंगावर येतात आणि दिव्याचे खांब मध्येच संपतात.

धडगावला नोकरी असलेल्यांना एक वेगळं सांगतो. घाटाकडचा प्लॉट जवळचा म्हणून घेऊ नका. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की रस्ता बंद होतो आणि शहाद्याकडून फिरून जावं लागतं. त्या दिवशी स्थानक जवळ असलेलाच कामावर पोचतो.

याच तालुक्यात सोमावल, रोझवा, रेवानगर, नर्मदानगर आहेत. सरदार सरोवरात ज्यांची घरं आणि शेतं गेली, ती माणसं नर्मदाकाठ सोडून इथे आली. नदीकाठच्या माणसांना सपाटीवर, वनखात्याच्या सोडलेल्या जमिनीवर नवं गाव मांडावं लागलं. कुठे राहायचं हे निवडण्याची मुभा त्यांना फारशी नव्हती. तुमच्याकडे येणाऱ्याला ती आहे, म्हणून तर तुमच्याकडून जास्त मागतो.

नवी मुंबई उभारायला १९७०मध्ये सिडको निघाली. वाशीला लोकल पोचली १९९२मध्ये. माणसं आधी राहायला आली, गाडी मागून आली. पण गाडीची जागा नकाशावर आधीपासून राखलेली होती, तिच्यावर कुणी बंगले बांधले नव्हते. तळोद्याला लोकल नको आहे. मुख्य रस्त्याला लागून बस बाजूला घेता येईल एवढी जागा, वर पत्र्याची शेड आणि तिथपर्यंत दिवे, एवढं पुरे. ले-आऊट मंजुरीला नगरपालिकेत जातो तेव्हाच ही जागा दाखवायला हवी. कोपऱ्यावरचे प्लॉट सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत चढ्या भावानं जातात. मग शेड कुठे घालणार? जागा असेल तर तिथल्या रहिवाशांनी एस.टी.च्या धुळे विभागाकडे विनंती थांबा मागावा. त्या अर्जावर सही करायला मी येईन, पाठपुराव्यालाही येईन.

तोवर विचारायला येणाऱ्यांना मी स्थानकापासून पायी पंधरा मिनिटांच्या आत, भाड्याची का होईना, खोली बघायला सांगणार आहे. तुमच्याकडचा इसार तूर्त देऊ नका, असंही सांगणार आहे.

तुमचाच,
एक तळोदेकर