जात्याची वैरण

शाळा सोडून आम्हांस बरींच वर्षें झालीं. हल्लीं आमचा उद्योग आहे वेगवान संदेशांवर गणित करणारीं यंत्रें रचण्याचा. रडारचा प्रतिध्वनि सेकंदास १० कोटी अंकांच्या रूपानें आला, म्हणजे प्रत्येक अंकाच्या वांट्यास अवघे १० नॅनोसेकंद येतात.

पहिल्या रचनेंत आमचा सारा अभिमान गुणाकार करणाऱ्या भागावर होता. यंत्राच्या घड्याळाच्या एका ठोक्यास एक गुणाकार! परंतु परीक्षेच्या दिवशीं उत्तरें चुकलीं. तीन रात्री आम्ही गुणाकारच तपासीत बसलों. दोष तेथें नव्हताच. आलेला अंक व त्याचा गुणक आम्ही एकाच मेमरींत ठेविले होते, आणि ती एका ठोक्यास एकच काम करी. वाचावें तों लिहिणें राही, व नवे अंक हरपत.

आमची आई म्हणे, जातें कितीही हलकें फिरो, वैरण घालणारा हात चुकला कीं पीठ थांबलें. लहानपणीं ऐकलेलें हें आम्हांस चौथ्या रात्रीं आठवलें, हीच लाज!

गुणकांस निराळी मेमरी दिली. अंकांसाठीं दोन ठेविल्या, एक भरत असतां दुसरी वाचावी. युक्ति आमची नव्हे. १९४४ सालच्या हार्वर्ड मार्क १ यंत्रांतही आज्ञा कागदी पट्टीवर व अंक निराळ्या जागीं असत.

पुढील परीक्षेंत एकही अंक हरपला नाहीं. गुणाकाराचा भाग मात्र पूर्वीचाच होता.