भोक पाडणे आहे

बँकेत गेली २२ वर्षं मी लोकांच्या हिशेबातली भोकं बुजवतो आहे. तेव्हा स्वतःच्या भिंतीत चार भोकं पाडणं मला अवघड वाटलं नाही, यात माझा दोष नाही. दोष बी. कॉम.च्या अभ्यासक्रमाचा. त्यात यंत्रावर घसारा किती धरावा ते शिकवतात, यंत्राला धार कशी लावावी ते शिकवत नाहीत.

निमित्त आईचं झालं. रात्री उठली, दाराजवळचं बटण चाचपडत निघाली आणि स्टुलाला अडखळली. अंगठ्यावर निभावलं. सकाळी म्हणाली, "मी आपली काळोखातच जाईन हो, उगीच खर्च नको." आई 'खर्च नको' म्हणाली, की तो खर्च टाळता येत नाही, हा आमच्या घरचा कायदा. तिच्या खाटेशी एक बटण हवं होतं. वायरमनकाकांना निरोप धाडला. "रविवारी येतो," म्हणाले. कुठल्या, ते बोलले नाहीत. तीन रविवार गेले. चौथ्या आठवड्यात मी ऑफिस सुटल्यावर थेट नागदेवी स्ट्रीट गाठली.

दुकानदाराने विचारलं, "भोक कशात पाडायचंय?"

"भिंतीत."

"ते कळलं. वीट की काँक्रीट?"

आता बावीस वर्षं मी त्या भिंतीचे हप्ते फेडतोय, पण ती कशाची आहे ते तिला कधी विचारलं नव्हतं. दुकानदार भला माणूस. म्हणाला, घरगुती कामाला तेरा मिलिमीटर चकचं इम्पॅक्ट ड्रिल पुरे. विटेत ठोका चालू ठेवायचा. लाकूड, लोखंड आणि टाइल्सवर ठोका बंद. रोज बीम-स्लॅब फोडायचे असतील तरच रोटरी हॅमर घ्या, त्यात पिस्टन हवेच्या दाबाने ठोके मारतो. मी मनातल्या मनात गिऱ्हाइकाला म्हणतो तेच स्वतःला म्हटलं, 'झेपेल तेवढंच कर्ज काढावं', आणि इम्पॅक्ट घेतलं. बिटं दोन जातींची मिळाली. एक चकचकीत, सडपातळ, सरळ टोकाचं. दुसरं काळपट, डोक्याला चपटी टिकली लावल्यासारखं.

रविवारी सकाळी सौ. आणि मुलं प्रेक्षागारात बसली. मी अर्थातच चकचकीत बिट निवडलं. इतकी वर्षं कर्जाच्या अर्जांवरचे फोटो पाहूनही माझी दिसण्यावरची भक्ती सुटलेली नाही. जुन्या स्विचबोर्डाच्या बरोबर वर, सरळ रेषेत, पेन्सिलीने खूण केली आणि बटण दाबलं. गिलावा भुसभुशीत गेला. मग वीट लागली. मशीन किंचाळू लागलं, धूर निघाला.

"भोक पाडताय की धूप घालताय?" सौ. म्हणाली.

पाच मिनिटांनी बिट बाहेर काढलं. टोक निळं पडलं होतं आणि भोकाची खोली पासबुकाच्या जाडीइतकी होती. नेमके त्याच क्षणी वायरमनकाका दारात उभे! हाच तो रविवार.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, भोकाकडे पाहिलं नाही, बिट हातात घेतलं. "हे एच. एस. एस. आहे. लाकडाचं, पत्र्याचं. विटेत घातलंत, धार गेली." मग खुणेकडे पाहिलं आणि एकदम गंभीर झाले. "या खोलीची एम. सी. बी. पाडली होतीत?"

"नाही."

"बोर्डाच्या वर सरळ रेषेतच आतला पाइप उतरतो, साहेब. बिट धारदार असतं, बरोबर असतं, तर वायरीत गेलं असतं."

घरात कोणी काही बोललं नाही. आईने पदर डोळ्यांना लावला. माझा जीव माझ्या हुशारीने नव्हे, बोथट बिटाने वाचवला होता.

मग काकांनी शिकवलं. बोर्डाच्या वर-खाली आणि बाजूला सरळ रेषेत भोक पाडायचं नाही. त्या खोलीची वीज बंद करून टेस्टरने खात्री करायची, मशीनची वीज दुसऱ्या खोलीतून घ्यायची. विटेला टिकलीवालं बिट. ती टिकली टंगस्टन कार्बाइडची. तिला साधा ग्राइंडर लागत नाही, हिरवा दगड लागतो, आणि तापल्यावर पाण्यात बुडवली तर तडकते. एच. एस. एस. मात्र घासताना पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवायचं, निळं पडू द्यायचं नाही. नाक्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे नेऊन त्यांनी ते माझ्यासमोर घासलं. टोकाचा कोन ११८ अंश, दोन्ही ओठ सारखे. एक ओठ लांब राहिला, की भोक बिटापेक्षा मोठं पडतं. आमच्याकडे जमा-खर्चाच्या दोन बाजू जुळत नाहीत तेव्हा हेच होतं.

दुपारी सहा मिलिमीटरची भोकं पडली, त्यांत प्लग बसले, पट्टी सरळ खाटेपर्यंत गेली. धार लावलेल्या बिटाने नव्या लाकडी बोर्डात बटणाच्या स्क्रूची भोकं लोण्यात सुरी जावी तशी पडली. काकांनी टू-वे बटण लावलं: दिवा खाटेवरून लावायचा, दाराशी बंद करायचा.

त्या रात्री दोन वाजता मला जाग आली. आईच्या खोलीत दिवा लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता. मी धावत गेलो.

"काही नाही रे," आई म्हणाली, "खर्च वाया गेला नाही ना, ते बघत होते."