पऱ्हाटीतले सोबती

बीटी कपाशीमुळे मधमाश्या मेल्या का, हा प्रश्न विदर्भातल्या जवळजवळ प्रत्येक शेतकरी मेळाव्यात मला विचारला जातो. विचारणाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच ऐकायचे असते. कीटकशास्त्राचा अभ्यासक म्हणून माझे उत्तर थोडे लांब आहे. कपाशीत घातलेल्या जनुकाने मधमाशी मारली, याला पुरावा नाही. पण त्या जनुकामागोमाग जी शेतीपद्धत आपल्याकडे आली, तिने मित्रकिडींची अपरिमित हानी केली आहे. बियाणे विकणारे यातले पहिले वाक्य सांगतात, विरोधक दुसरे. शेतकऱ्याला दोन्ही कळली पाहिजेत.

आधी जनुकाचे बघू. ते बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी, या मातीत सापडणाऱ्या जिवाणूचे. 1901 मध्ये जपानच्या इशिवाता यांना तो आजारी रेशीमकिड्यांत दिसला. त्याचे क्राय प्रथिन अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात काम करते, आतड्याच्या भिंतीवरच्या ठरावीक ग्राहींना चिकटते आणि भिंतीला भोके पाडते. अळी खाणे सोडते आणि मरते. आपल्या कपाशीतल्या क्राय1एसी आणि क्राय2एबी या प्रथिनांना जुळणारे ग्राही मुख्यतः पतंगवर्गीय अळ्यांच्या आतड्यात असतात. मधमाशीला किंवा ढालकिडा, क्रायसोपा यांसारख्या मित्रकिडींना या प्रथिनांपासून तशी इजा होत नाही. मधमाश्यांवरच्या 25 प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ना अळ्यांच्या जगण्यावर परिणाम दिसला, ना प्रौढ माश्यांच्या.

तरीही शंका निघाल्या, आणि त्या निघायलाच हव्या होत्या. 1998 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगांत, बीटी मका खाल्लेल्या अळ्यांवर वाढवलेले क्रायसोपा जास्त मेले. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून बातमी आली की, बीटी मक्याचे परागकण टाकलेली पाने खाऊन मोनार्क फुलपाखराच्या अळ्या मरतात. जगभर खळबळ उडाली. क्रायसोपाबाबत पुढच्या प्रयोगांनी दाखवले की दोष मुख्यतः भक्ष्याचा होता: विषबाधेने खंगलेली अळी खाल्ली की खाणाराही नीट पोसला जात नाही. मोनार्कबाबत 2001 मध्ये प्रत्यक्ष शेतांतली मोजमापे आली. परागकण फार दूर जात नाहीत आणि पानावर त्यांचे प्रमाणही कमी असते, म्हणून बहुतेक वाणांचा धोका नगण्य ठरला. ‘इव्हेंट 176’ हा मक्याचा एक प्रकार मात्र खरोखर घातक होता. तो बाजारातून गेला.

पुढे मोनार्क घटलीच, पण दुसऱ्या वाटेने. तिच्या अळ्या मिल्कवीड या रुईच्या कुळातल्या तणावरच जगतात. तणनाशक सहन करणारा मका आणि सोयाबीन आले, ग्लायफोसेट सर्रास फवारले जाऊ लागले आणि अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यातल्या शेतांतून हे तण जवळजवळ नाहीसे झाले. अळीला पानातल्या विषाने मारले नाही, तिचे अन्नच गेले. आपल्या प्रश्नाचेही मर्म इथेच आहे.

2007 मध्ये ‘सायन्स’मध्ये 42 शेतप्रयोगांचे एक विश्लेषण आले. माझ्या विद्यार्थ्यांना मी ते वाचायला लावतोच. कीटकनाशक फवारलेल्या साध्या पिकापेक्षा बीटी पिकात निरुपद्रवी आणि उपयोगी कीटक जास्त होते. पण ज्या साध्या पिकावर काहीच फवारले नव्हते, तिथे ते बीटीपेक्षाही जास्त होते. म्हणजे बीटी कीटकांना चांगले की वाईट, हे तुलना कशाशी करता यावर ठरते. उत्तर चीनमध्ये 36 ठिकाणी 1990 ते 2010 या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा बीटीमुळे फवारण्या घटल्याने ढालकिडे, क्रायसोपा आणि कोळी वाढलेले दिसले. शेजारच्या मका, भुईमूग, सोयाबीनमध्येही ते पसरले होते. त्याच चीनमध्ये मिरिड ढेकूणही माजले. एक कीड हटली की रिकामी जागा दुसरी घेते.

मग आपल्याकडे ढालकिडे का वाढले नाहीत?

मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाल्यावर सुरुवातीची वर्षे बरी गेली. हिरव्या बोंडअळीसाठीच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या. पण आपल्याकडे बीटी आले ते संकरित वाणांत. दहा वर्षांत हजारावर वाण बाजारात उतरले. त्यातले कितीतरी तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे यांना सहज बळी पडणारे होते. पानांवर लव असलेल्या देशी कपाशीवर तुडतुड्यांचे फारसे चालत नसे, ती मागे पडली. या रसशोषक किडींवर बीटीचा काही परिणाम नाही. म्हणून बियाणे पाकिटातूनच इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक चोळून येऊ लागले आणि पीक दीड-दोन महिन्यांचे झाले की फवारण्या सुरू झाल्या. 2013 च्या सुमारास कीटकनाशकांवरचा हेक्टरी खर्च बीटीपूर्वीच्या पातळीपलीकडे गेला. आणि दीड-दोन महिन्यांच्या पिकावर फवारणी, ही मित्रकिडींसाठी सर्वांत वाईट वेळ. मावा-तुडतुडे आधी येतात, त्यांच्यावर जगणारे ढालकिडे आणि क्रायसोपा त्यानंतर. नेमके तेव्हाच औषध पडते. तुडतुडे आठवड्याभरात परततात, ढालकिडा परतत नाही.

फवारणी टाळता येते, हे 2006-07 च्या सुमारास आलेल्या पिठ्या ढेकणाने दाखवले. गुजरातपासून विदर्भापर्यंत कपाशीची झाडे पांढरी झाली होती. शेतकऱ्यांनी दुकानात मिळेल ते औषध मारले. दोन-तीन हंगामांत ही कीड ओसरली, आणि त्याचे मोठे श्रेय एका इवल्याशा गांधीलमाशीचे आहे. ती कोणी आणून सोडली नव्हती. 2009 मध्ये तिला एनासियस बंबावालेई हे नाव मिळाले. ती ढेकणाच्या अंगात अंडे घालते आणि ढेकूण तपकिरी, कडक होऊन पानालाच चिकटून राहतो. फवारणी थांबवलेल्या शेतांत असे मेलेले ढेकूण मी झाडाझाडावर पाहिले आहेत. शेजारी फवारलेल्या शेतात पांढरा थर तसाच.

शेंदरी बोंडअळीची गोष्ट अधिक दुःखाची आहे. क्राय1एसीला ती दाद देत नाही, हे 2010 मध्ये गुजरातेत मान्य झाले. 2017 पर्यंत दोन जनुकांच्या कपाशीतही तिने विदर्भ-मराठवाड्यात बोंडे पोखरली. प्रतिकार लांबवण्यासाठी प्रत्येक पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याची पुडी येत असे. ती कडेने लावायची होती. बहुतेक पुड्या बांधावर पडून राहिल्या. चार-पाच एकरवाल्याला जागा सोडायला सांगणे सोपे नाही, हे मला मान्य आहे. पण त्या ओळींत बोंडअळीवर जगणारे परोपजीवी कीटकही तगून राहिले असते.

शेंदरी बोंडअळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात पात्यात किंवा बोंडात शिरते, फुलाच्या पाकळ्या गुंफून डोमकळी करते. मग औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. उघड्यावर असते ते तिचे अंडे, आणि अंड्यातच तिला संपवणारा ट्रायकोग्रामा मिलिमीटरभरही नसतो. ट्रायकोकार्ड लावा म्हणून शिफारस आहेच. पण कार्ड लावून चार दिवसांनी दोन-तीन औषधांचे मिश्रण फवारले, तर कार्डाचे पैसे वाया गेले. त्या 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात, माणसाहून उंच वाढलेल्या पऱ्हाटीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ढालकिड्यांना मारणारे औषध कुणाला सोडत नाही.

आता तणनाशक सहन करणारी, मंजुरी नसलेली कपाशी विदर्भात पसरली आहे. 2019 च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने ती जाहीरपणे पेरली. निंदणाची मजुरी परवडत नाही, माणसे मिळत नाहीत, ही तक्रार खोटी नाही. पण ग्लायफोसेट फवारायचे तर कपाशीत तुरीची ओळ चालत नाही, चवळी नाही, मूग नाही. धुऱ्यावरची फुलणारी झुडपेही जातात. मावा आधी चवळीवर येतो, ढालकिडे तिथेच वाढतात आणि मग कपाशीत उतरतात. मधमाशीला, गांधीलमाशीला मकरंद आणि पराग याच फुलांतून मिळतो. हे सारे गेले, तर पानातले जनुक कितीही निर्दोष असले तरी उपयोग नाही.

ब्रिटनने अशी पिके मंजूर करायची का, हे ठरवण्यापूर्वी प्रत्यक्ष शेतकऱ्यांच्या शेतांत काही हंगाम कीटक मोजले. शुगर बीट आणि मोहरीवर्गीय पिकात फुलपाखरे आणि मधमाश्या घटल्या, मक्यात उलट चित्र दिसले. पिकापिकाचे उत्तर वेगळे निघाले, म्हणूनच ते मोजावे लागते. तूर-चवळीची आंतरपिके असलेल्या वऱ्हाडातल्या शेतांवर निदान तीन हंगाम मित्रकिडी मोजल्याशिवाय तणनाशक सहनशील कपाशीचा निर्णय सरकारने घेऊ नये, अशी माझी स्पष्ट मागणी आहे. आणि शेतकरी बंधू-भगिनींना विनंती: लागवडीनंतर पहिले साठ दिवस विषारी फवारणी टाळा, गरज भासलीच तर निंबोळी अर्क वापरा, आणि पंप पाठीवर घेण्याआधी वीस झाडांची पाने उलटून, किडी किती आणि मित्र किती, ते मोजा.